प्रताप नगरच्या बाईंची साडी

पराते काका कामावर आले की आधी चपला काढायचे. आमच्या मनोरंजन पार्कच्या गेटवर नव्हे, आत 'विणकर गल्ली' सुरू व्हायची तिथे. आता ही गल्ली म्हणजे सगळा फायबरचा मामला. भिंतीवर टिचकी मारली तर पोकळ वाजायची. सारवलेलं अंगण म्हणजे सिमेंटवर फासलेला शेणाचा रंग. विहिरीत पाण्याऐवजी निळा दिवा. अख्ख्या गल्लीत खरा म्हणावा असा एक खड्डाच होता, ज्यात पाय सोडून काका मागावर बसायचे.

पहिल्याच आठवड्यात मी आगाऊपणाने म्हटलं, "काका, गल्ली खोटी आहे. चपला कशाला काढता?"

"गल्ली खोटी हाय वं माय," काका म्हणाले, "माग खरा हाय ना."

माग खराच होता. त्यांच्या वडिलांचा. सक्करदऱ्याच्या घरात समोरच्या खोलीत तो होता तोवर त्या खोलीत दुसरं काही मावायचं नाही. मुलाला तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, आणि मुलाचंही काही चुकत नव्हतं. माग सरपणात जायचा, तेवढ्यात आमच्या पार्कवाल्यांना विणकर गल्लीसाठी जुना माग हवा असल्याचं काकांच्या कानावर आलं. काकांनी माग दिला, स्वतःलाही दिलं, आणि अट एकच घातली: माग चालता राहिला पाहिजे. आमचे साहेब हो म्हणाले. साहेब लोकांचं 'हो' फार स्वस्त असतं.

मागासोबत त्यावर चढवलेला ताणाही आला. ताणा म्हणजे साडीचे लांबीतले उभे धागे. पहिल्या वर्षात काकांनी त्यातल्या दोन साड्या विणल्या, त्या पार्कच्या स्वागतकक्षात काचेत लागल्या. उरला तो जेमतेम एका साडीपुरता. नवा ताणा पाहिजे म्हणून काकांनी अर्ज दिला होता. मीच लिहून दिला होता. तो साहेबांच्या टेबलावर काचेखाली होता, म्हणजे फार सांभाळून ठेवला होता.

विणकराच्या घरचा एक रिवाज काकांनी मला समजावून सांगितला. माग कधी पुरता रिकामा करत नाहीत. साडी कापून घेताना हातभर धागे मागाच्या फणीत तसेच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडतात. हजारावर धागे, एकेक करून. "माह्या बापानं जोडलेल्याले मी जोडलं. त्याच्या आधी त्याच्या बापानं. सूत बदलते, पन माग एकाच धाग्यावर चालू हाय असं समज." आणि हे जोडायला नवा ताणा आधी दारात हजर पाहिजे. तो नसताना साडी उतरवायची नाही.

म्हणून काका कंजुषी करायचे. दिवसाला चार बोटं कापड, त्यापेक्षा जास्त नाही. पण लोक तर दिवसभर येणार, आणि त्यांना खटखट ऐकायची असणार. त्यावर काकांनी तोड काढली होती. धोट्यात, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी होडीत, कांडीच घालायची नाही. कांडी म्हणजे आडव्या धाग्याची गुंडाळी. ती नसली की धोटा इकडून तिकडे पळतो, आवाज तोच येतो, आणि कापड सुताएवढंही पुढे सरकत नाही. बघणारे खुश, ताणा शाबूत.

कांड्या घरी काकू भरायच्या. जेवणाच्या डब्यात वरच्या पुडात कांड्या, खालच्या पुडात पोळी आणि कसलीतरी झणझणीत भाजी. एकदा काकूंनी पुडं उलटी लावली आणि हिरव्या रेशमाला तर्री लागली. काका रागावतील असं मला वाटलं. ते डब्याकडे पाहत म्हणाले, "पन्नास वर्षं संसार करून राहिली माह्यासंगं, आज पहिल्यांदा चुकली. लिहून ठेवजो वं."

लिहून ठेवायचं काम माझंच होतं. पार्कमध्ये माझं टेबल लोकांच्या प्रतिक्रियांचं. लोक जागोजागी लावलेल्या बोर्डांसमोर फोन धरतात, मनातलं लिहितात, आणि ते सगळं माझ्या डोक्यावर येऊन पडतं. दर सोमवारी त्याचा रिपोर्ट साहेबांना द्यायचा. यात सगळ्यात मोठा आवाज पासवाल्यांचा. पासवाले म्हणजे आमच्या पार्कचे भक्त. वर्षाचा पास काढतात, दर रविवारी येतात, कोणत्या पाळण्याचा कोणता बोल्ट करकरतो हे त्यांना इंजिनिअरच्या आधी कळतं. पार्क आमचं नसून त्यांचं आहे असं त्यांचं मत, आणि ते फारसं चूकही नाही.

या पासवाल्यांचा जीव होता आरसेमहालात. वाकडेतिकडे आरसे, त्यात कोणी जाडा दिसतो, कोणी बुटका. तो पाडून त्या जागेवर विणकर गल्ली झाली, आणि पासवाल्यांनी तोंड सोडलं. 'तर्री-पोहे मस्त, बाकी टाइमपास.' 'हे पाहायला पास काढला का आम्ही? आजीच्या घरी फुकट दिसत होतं.' 'विहिरीत मोबाइल पडला, कोणी काढून देईना.' 'आरसेमहाल वापस करा.' हे शेवटचं तर रोज, वेगवेगळ्या नावांनी.

काकांना वाचता येत होतं, पण फोनवरची बारीक अक्षरं दिसायची नाहीत. म्हणून संध्याकाळी माग झाकून ते माझ्या टेबलाशी यायचे, स्टुलावर टेकायचे आणि विचारायचे, "काय वं, आज काय लिवलं लोकायनं?"

सुरुवातीला मी खरं तेच वाचायचे. एकाने लिहिलं होतं, 'म्हातारा रोबोट एकदम रियल वाटतो. पण डोळे मिचकावत नाही, त्यात सुधारणा करावी.' हे ऐकून काका इतके हसले की त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पिताना पुन्हा हसू आलं आणि ते माझ्या रजिस्टरवर सांडलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून काका दोनदा डोळे मिचकावत होते. एक पोरगी किंचाळून आईच्या मागे लपली. "सुधारना केली म्हनून सांगजो त्याले," काका मला म्हणाले.

घाई केलेली त्यांना खपायची नाही. मी रिपोर्टच्या गडबडीत फोनवर बोटं आपटत असले की म्हणायचे, "घाई गिऱ्हाइकाले असते वं. सुताले नसते."

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा उमरेडहून एक म्हातारी नातवंडांना घेऊन आली. नातवंडं विहिरीतल्या दिव्याकडे पळाली आणि ही बाई मागाशी उकिडवी बसली. मी पंख्याचा वारा खात तिथेच उभी होते. थोडा वेळ पाहून ती म्हणाली, "काहून बापू, कांडी नाई टाकली? रिकामाच धोटा फेकून राहिले तुमी."

काकांचा हात थांबला. एवढ्या दिवसांत हजारो लोक येऊन गेले होते, हे कोणाला दिसलं नव्हतं. अर्थात मलाही दिसलं नसतं. काकांनी निमूट कांडी घातली. बाईने कापडाखाली तळवा सरकवला आणि डोळे मिटून चाचपलं. "काठ बरा उतरला. पन इथं हात जड पडला तुमचा. वीतभर मागं."

"पडला," काका म्हणाले. "त्या दिवशी ताप होता."

ती गेली. तिच्याजवळ फोन नव्हता, त्यामुळे ती माझ्या रिपोर्टमध्येही नव्हती. काका मात्र दिवसभर नव्या नवरदेवासारखे हिंडत होते. खड्ड्यातून उठून दोनदा चहाला गेले, वॉचमनलाही बोलावलं. "काय गा, चहा घे. आज कोनीतरी पाह्यलं!"

इथवरच हे राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण मग एका सोमवारी एक प्रतिक्रिया आली. 'त्या म्हाताऱ्याला हाकला आणि आरसेमहाल आणा. रविवार खराब होतो त्याला बघून.' त्याखाली शंभरेक अंगठे. संध्याकाळी काका स्टुलावर येऊन टेकले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "वाच."

मला वाचता येईना. फोनकडे पाहत मी म्हटलं, "प्रताप नगरच्या एका बाईंनी लिहिलंय. मागाचा आवाज ऐकून फार बरं वाटलं म्हणे."

"नाव काय बाईचं?"

"सुनंदाताई."

असं नाव माझ्या सात पिढ्यांत कोणाचं नाही. ते कुठून आलं देव जाणे. पण काकांचा चेहरा असा काही उजळला, की दुसऱ्या दिवशी त्यांनी "प्रताप नगरवालीनं काही लिवलं का?" विचारलं तेव्हा मला नाही म्हणवेना. मग सुनंदाताई रोज लिहू लागल्या. त्यांच्याकडे वर्षाचा पास होता, पण संधिवातामुळे वारंवार यायला जमत नव्हतं. त्यांची आई नऊवारी नेसायची. कोणत्या रंगाची? मी मागावर जे दिसत होतं तेच सांगून टाकलं. हिरवी, लाल करवती काठाची. काका स्टुलावरून उठलेच. "अवं, हेच तर!" आणि मी, स्वतःच्या हुशारीवर खुश होऊन, आणखी एक ओळ पदरची घातली. "त्या म्हणतात, आई गेल्यापासून तशी साडी पुन्हा पाहिली नाही. एकदा पुरी झालेली पाहायला मिळाली तर बरं."

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर अक्कलही नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मागाचा आवाज बदलला. मला तो फरक कळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी कापड पाहिलं. चार बोटं नव्हे, दोन-दोन हात कापड रोज पुढे सरकत होतं. काकू डब्याची दोन्ही पुडं कांड्यांनी भरून पाठवत होत्या, आणि काका उपाहारगृहातले पोहे खाऊन विणत होते.

"काका, अहो ताणा संपेल ना! नवा कुठे आलाय?"

"यीन ना. खुद्द पासवाली बाई साडीची वाट पाहून राहिली म्हटल्यावर साहेब ताना देनारच. तू रिपोर्टात लिवलं असन ना तिचं?"

रिपोर्टात मी खरं लिहीत होते. तेवढीच एक जागा होती जिथे मी खोटं लिहिलं नव्हतं.

"सुताला घाई नसते म्हणता ना तुम्ही?" मी म्हटलं.

"सुताले नसते. तिले असन. मायची आठवन हाय वं ती."

मग मी सुनंदाताईंना पुण्याला पाठवलं, मुलाकडे, सहा महिन्यांसाठी. म्हटलं आता तरी हात सैल पडेल. काका म्हणाले, "मंग तर लवकरच केली पाह्यजे. पार्सलनं धाडू." मी जे म्हणून करायला जाई, त्याने धोटा आणखी जोरात पळे. दोनदा ठरवलं की सांगून टाकायचं. एकदा तर खड्ड्याशी जाऊन बसलेसुद्धा. काका मानेवरचा घाम पुसत होते, कूलर बंद पडला होता, आणि ते स्वतःशी हसत होते. माझी जीभ उचलली नाही. जी खोटं बोलताना एवढी सुळसुळत होती, ती खरं बोलताना टाळ्याला चिकटली.

मी साहेबांकडे गेले. काकांना नवा ताणा द्या, म्हटलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला बसवलं, आणि माझाच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, हे तुम्हीच लिहिलंय. लोकांना आरसेमहाल पाहिजे. आणि तसंही, आवाज तर रिकाम्या धोट्यानेही येतो ना?"

त्यांना हे कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. एका जुन्या रिपोर्टात, काकांच्या हुशारीचं कौतुक म्हणून, मीच लिहिलं होतं.

साडी पुरी झाली तो दिवस बुधवार होता. काकांनी ती कापली. फणीत हातभर धागे ठेवले, त्यांचे जुडगे करून गाठी मारल्या, वरून स्वच्छ धोतराचा तुकडा झाकला. "आता ताना आला की जोडाले घेतो. हे हातभर हाय तोवर काही भेव नाई." साडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. पैशाचं नाव काढलं तर हात जोडले. "तिले सांगजो, पहिल्यांदा मिठाच्या पान्यात बुडव म्हना. रंग धरते."

मी ती घेतली. दुसरं काय करणार होते? माझ्या कपाटात ती माझ्या साड्यांखाली ठेवली, आणि कपाट उघडायचं झालं की मी दुसऱ्या बाजूचं दार उघडू लागले.

ताणा आला नाही. काका दोन आठवडे रोज आले. चपला काढायचे, मागाला हात लावून नमस्कार करायचे, आणि खड्ड्यात पाय सोडून बसून राहायचे. आता खटखटही नव्हती. हातभर धाग्यांवर धोटा कुठे पळवणार? मग आरसेमहाल परत बांधायचं ठरलं, आणि काकांना कोणीतरी आदराने सांगितलं की आता घरी आराम करा. माग मात्र आरसेमहालाच्या दाराशी शोभेला ठेवायचा होता.

काका त्यांचं बसायचं गोणपाट न्यायला आले, त्याच दिवशी सजावटीची माणसं मागाला रंगीत नायलॉनच्या दोऱ्या बांधत होती. धोतराचा तुकडा खाली पडला होता. एकजण कात्रीने फणीतली टोकं कापत होता. अर्धी कापून झाली होती. मी तिथेच होते, फोन हातात, नव्या जागेचे फोटो काढायला.

"काहून कापलं गा?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"काका, कचरा दिसून राहिला होता ना."

काका खाली बसले. जमिनीवर पडलेली टोकं त्यांनी एकेक करून वेचली, बोटाला गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात घातली. कापणारा बिचारा घाबरला, "चिपकवून देऊ का?" म्हणाला. काकांनी नाही म्हणून मान हलवली. त्या माणसाला मला 'थांब' म्हणता आलं असतं, मी दहा मिनिटं आधीच तिथे पोचले होते, आणि तो काय कापतोय हे माहीत असूनही मी ते पाहत उभी राहिले होते, कारण ते थांबवून पुढे काय करायचं हे मला कळत नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आरसेमहाल पुन्हा सुरू झाला त्या रविवारी पासवाल्यांची जत्रा लोटली. लोक नाचत होते. एका पोराने दाराच्या पायरीवर डोकं टेकवलं. नायलॉनच्या दोऱ्यांच्या मागाशी फोटोची रांग लागली आणि माझ्या फोनवर बदामांचा पाऊस. 'माग फोटो पॉइंट एक नंबर!' तेवढ्यात गेटच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, काका दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काकूंची कापडी पिशवी. मी बाहेर गेले.

"आज सगळे पासवाले येनार म्हने. म्हटलं प्रताप नगरवाली बी यीन."

"त्या पुण्याला आहेत ना, काका."

"हो वं. इसरलोच. साडी पोचली ना? काही लिवलं का तिनं?"

"लिहिलंय ना."

"वाच."

मी फोन काढला. पडद्यावर आरसेमहालाचे बदाम वाहत होते. त्यांच्याकडे पाहत मी वाचू लागले. साडी मिळाली. अगदी आईची होती तशीच आहे. देवापुढे ठेवून मग नेसले. शेजारणी विचारत होत्या कुठून घेतली. इतकी सुंदर साडी मी आयुष्यात पाहिली नाही, कुठे नाव ठेवायला जागा नाही. माझा आवाज कापत होता, पण तो आनंदाने कापतोय असं वाटण्यासारखा होता.

काका डोळे मिटून ऐकत होते.

"काही चूक नाई काढली तिनं?"

"नाही, काका. एकही नाही."

काकांनी डोळे उघडले. "मंग नीट पाह्यली नाई वं तिनं," ते हळूच म्हणाले. "पदराच्या तिथं धागा तुटला होता. घाईत जोडला, गाठ राह्यली. हात फिरवला तर कोनालेबी लागते."

पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ते ई-रिक्षाच्या थांब्याकडे निघाले. आतून पासवाल्यांच्या हसण्याचा कल्लोळ येत होता. काकांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि मला हाक मारता आली नाही. त्यानंतर काकांच्या घरी जायचं म्हणून मी दोनदा सक्करदऱ्याला तलावापर्यंत गेले आणि परत आले.

त्या रविवारी घरी येऊन मी कपाटाचं ते दार उघडलं. साडी पलंगावर पसरली, दिवा लावला नाही, आणि डोळे मिटून पदरावरून हात फिरवत गेले. बराच वेळ काही लागलं नाही. मग बोटाखाली आली. बाजरीच्या दाण्याएवढी, काठाजवळ. किती वेळ तिच्यावर बोट ठेवून बसले होते कोण जाणे. सापडली हो काका, सापडली.